भाविक तरुण आणि ‘भावी’ उमेदवार

जुलै २०२५ मध्ये विधानसभेत सार्वजनिक गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सवा’चा दर्जा जाहीर झाला. त्याच महिन्यात विधान परिषदेत पंढरीच्या वारीत ‘अर्बन नक्षल’ शिरल्याचा आरोप झाला. पुढे महापालिका निवडणुकांचा हंगाम जवळ येत गेला, तसतसे प्रभागाप्रभागांतले इच्छुक दहीहंडीच्या क्रेनपासून देवीच्या मांडवापर्यंत सगळीकडे फ्लेक्सवर हात जोडून उभे राहिले. या सगळ्यावर शाई आणि घसा यांचा भरपूर खर्च झाला, पण वादाची तऱ्हा जुनीच राहिली. उमेदवाराने देवाधर्माच्या जागी पाऊल टाकले की धर्मनिरपेक्षता बुडालीच म्हणून समजा, असे एका बाजूचे म्हणणे. आमचे सण आले की यांच्या पोटात दुखू लागते, असे दुसऱ्या बाजूचे. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालतो तो मांडवामागे वायरी ओढत बसलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, वारीत पहिल्यांदाच आईबरोबर चाललेली महाविद्यालयीन मुलगी, ईदच्या जुलूसात स्वयंसेवकाची पट्टी बांधून उभा असलेला मोहल्ल्यातला पोरगा, यांच्यापुढे नेमके काय ठेवले जात आहे आणि ते त्यांनी घ्यावे की नाकारावे, याविषयी मात्र दोन्ही बाजू गप्प.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. निवडणूक लढवणाऱ्याने श्रद्धाळू तरुणांकडे जाण्यात गैर काही नाही. किंबहुना स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांनी तिकडे पाठ फिरवली ही त्यांची मोठी चूक आहे. गैर आहे ती जाण्याची सध्याची रीत. तीत उमेदवार कशाचा शब्द देत नाही, कशाचा जाब देत नाही, समोरच्याचे काही ऐकून घेत नाही; तो खर्च करतो आणि नाव लावतो. आक्षेप घ्यायचाच असेल, तर या संपर्कात राजकारण फार थोडे आहे यावर घ्यावा. धर्म त्यात किती आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही रीत जवळून पाहिलेल्यांना तिचे टप्पे पाठ असतील. आषाढ सरता सरता मंडळाची बैठक बसते. मागच्या वर्षीचा हिशेब वाचला जातो, मूर्तिकाराला द्यायच्या आगाऊ रकमेवर घोळ होतो, डेकोरेशनवाल्याची जुनी उधारी निघते, आणि घरटी वर्गणीतून यातले निम्मेही भागणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने शेवटी कोणीतरी ‘दादां’चे नाव काढतो. दोन दिवसांनी दादांचा माणूस येतो. मत कोणाला द्या, हे तो चुकूनही बोलत नाही. टी-शर्ट किती लागतील आणि त्यात एक्सएल किती, एवढीच त्याची चौकशी. टी-शर्टच्या छातीवर बाप्पा, पाठीवर दादा. गल्लीच्या तोंडाशी कमान, कमानीच्या दोन्ही खांबांवर दादांचे हसरे छायाचित्र आणि नावाआधी ‘भावी’ हे विशेषण. दहा दिवसांतल्या एका संध्याकाळी दादा आरतीला येतात, तबक त्यांच्या हाती दिले जाते, शाल-नारळ होतो, ते दोन शब्द बोलतात, आणि पंधराव्या मिनिटाला गाड्या पुढच्या मंडळाकडे वळतात. सहा-आठ महिन्यांनी निवडणूक लागते तेव्हा मतदारयादी आणि स्लिपा घेऊन घरोघर फिरायला हीच मुले लागतात. या साऱ्या व्यवहारात एकदाही कोणी कोणाला प्रभागातल्या मैदानाचे काय झाले, हे विचारलेले नसते.

धर्मनिरपेक्षतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा कायद्याचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. हे कलम नुसते कागदावर राहिलेले नाही, हे महाराष्ट्राला इतर कोणाहीपेक्षा चांगले माहीत आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निकाल कायम केला आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. गंमत अशी, की त्याच दिवशी त्याच न्यायपीठाने मनोहर जोशी यांची निवड मात्र वैध ठरवली. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल असे म्हणणे म्हणजे धर्माच्या नावाने मत मागणे नव्हे, ती फार तर एक आशा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या कलमाचा अर्थ रुंदावला आणि उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माचे नाव घेऊन केलेले आवाहनही त्यात बसवले. ते प्रकरणही मुंबईचेच, १९९० च्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेले.

मग कायदा इतका कडक असताना कमानीवरचे दादा सुखरूप कसे राहतात? कारण कायद्याच्या लेखी ते उमेदवारच नसतात. १९७५ पूर्वी, निवडणूक दृष्टिपथात असताना ज्या दिवसापासून एखादी व्यक्ती स्वतःला भावी उमेदवार म्हणून पुढे करू लागते, त्या दिवसापासून ती उमेदवार मानली जाई. रायबरेलीच्या निवडणुकीबाबत अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींविरुद्ध निकाल दिला, तेव्हा त्या नेमक्या कोणत्या तारखेपासून उमेदवार झाल्या हा त्यातला कळीचा प्रश्न होता. निकालानंतर दोनच महिन्यांत संसदेने व्याख्या बदलली. आता रीतसर नामनिर्देशन झालेला माणूसच उमेदवार. निवडणूक खर्चाचा हिशेबही अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या दिवसांचाच. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पण ऑगस्टमधल्या हंडीचे बक्षीस, सप्टेंबरमधल्या कमानी आणि ऑक्टोबरमधला दांडिया यांतला एक रुपयाही त्या ४० लाखांत मोजला जात नाही. आणीबाणीच्या छायेत एका पंतप्रधानांच्या सोयीसाठी केलेली दुरुस्ती आज आमदारकीच्या इच्छुकाच्या कामी येते आहे, आणि आणीबाणीला सर्वाधिक शिव्या देणाऱ्यांपैकी कोणाला ती बदलावीशी वाटलेली नाही. ‘धर्माला राजकारणापासून दूर ठेवा’ अशी पत्रके काढणाऱ्यांनी या एका व्याख्येकडे लक्ष दिले असते, तर अधिक उपयोग झाला असता.

त्यांचा दुसरा मुद्दा इतिहासाचा आहे आणि तोही खोडून काढण्याजोगा नाही. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. तरुणांना धर्माच्या अंगणात गाठून राजकारणाकडे आणण्याचा आधुनिक महाराष्ट्रातला तो पहिला मोठा प्रयोग होता आणि विद्यार्थ्यांचे मेळे (पदे गाणारी पथके) हे त्याचे मुख्य साधन. पण १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या त्या सुरुवातीच्या मेळ्यांच्या पदांतून, हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांत सामील होऊ नये, असाही प्रचार झाला होता. त्याआधी हिंदू कुटुंबेही ताबुतांना नवस बोलत, पुढे नाचत. एकीकडे लोक जोडले गेले आणि त्याच वेळी दुसरीकडे तोडले गेले. मांडवात शिरलेले राजकारण कोणाला तरी मांडवाबाहेर काढते, ही भीती अनाठायी नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा आणि ‘व्होट जिहाद’चा आरोप ज्यांनी ऐकला, त्यांना ती भीती नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

हे सगळे खरे मानूनही, उमेदवारांनी श्रद्धाळू तरुणांपासून दूर राहावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तो निष्कर्ष काढणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: मग त्यांना गाठायचे कुठे? गिरणगावात एके काळी पोरगा अठरा वर्षांचा झाला की त्याला युनियन माहीत असे, व्यायामशाळा माहीत असे, कलापथक माहीत असे आणि गणपती तर असेच. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांना कायमचे हलवले आणि युनियनची शाळा मिटली. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका हिंसाचाराचे कारण देऊन १९९० च्या दशकात थांबवण्यात आल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणण्याची तरतूद झाली, पण मुलांच्या हाती मतपत्रिका काही आली नाही. राहता राहिली महापालिका. फेब्रुवारी २०१७ नंतर मुंबईकराला आपला नगरसेवक निवडायला जानेवारी २०२६ उजाडले. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती. २०१७ च्या मार्चमध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलीने महापालिकेसाठी पहिले मत दिले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची व्हायला आली होती. अशा शहरात बैठक कशी चालवावी, हिशेब कसा मांडावा, पोलिसांची परवानगी कशी काढावी, दोन गटांत भांडण लागले तर कसे मिटवावे, हे वस्तीतला तरुण आज शिकतो कुठे? मंडळात, पथकात, दिंडीत. आपणच एकेक दार बंद करत आलो आणि आता उरलेल्या एका दारात गर्दी का होते म्हणून नाक मुरडतो, हे बरे नव्हे.

शिवाय श्रद्धेची जागा म्हणजे विचार गहाण ठेवण्याची जागा, हे गृहीत महाराष्ट्राच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणी सर्वांची आणि पूजेचा मान मात्र काहींचा, हा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐन मांडवात उभा केला, डॉ. आंबेडकरही तेथे आले. प्रकरण हातघाईवर आले होते. शेवटी तडजोड होऊन अस्पृश्य मानल्या गेलेल्या कार्यकर्त्याच्या हातची फुले पुजाऱ्याने देवाला वाहिली. त्याच वर्षी दादरला सर्वांसाठी खुला असा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. वीस वर्षांनंतर साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून आधी काही महिने सेवादलाच्या तरुणांना घेऊन महाराष्ट्र पालथा घातला आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. ते दहाव्या दिवशी सुटले. गुरुजी ज्यांच्याशी बोलत होते ती सगळी विठ्ठलाची माणसे होती. तुमची भक्ती अपुरी आहे, असे ते त्यांना त्यांच्याच देवाच्या नावाने सांगत होते. वारीत संविधानाचे नाव घेऊन चालणाऱ्या दिंडीवर संशय घेणाऱ्यांना, आणि वारी म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनाही, हा मधला सगळा पल्ला दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की प्रबोधनकार काय, साने गुरुजी काय, ते तेव्हा मते मागत नव्हते. ज्याला मते हवी आहेत त्याच्याकडून अप्रिय बोलण्याची अपेक्षा करणे म्हणजे भाबडेपणा. आक्षेप योग्य आहे. म्हणून मते मागणाऱ्याचेच उदाहरण घेऊ, आणि ते मुद्दाम दूरचे घेतो, म्हणजे आपले-परके आडवे येणार नाही. बराक ओबामा यांनी २००८ च्या निवडणुकीत तरुण इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक मतदारांपर्यंत पोहोचण्याची पद्धतशीर मोहीम आखली होती. त्याची वैचारिक मांडणी त्यांनी दोन वर्षे आधी, २८ जून २००६ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका भाषणात करून ठेवली होती. श्रद्धा दाराबाहेर ठेवून सार्वजनिक जीवनात या, असे श्रद्धाळूंना सांगणे चूक आहे, हे त्यांनी आपल्याच बाजूच्या धर्मनिरपेक्ष मंडळींना सुनावले. आणि तुमची मागणी केवळ ‘आमचा धर्म सांगतो’ एवढ्यावर उभी करू नका, इतर धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्यांच्या बुद्धीला पटेल अशा कारणांत ती मांडा, हे श्रद्धाळूंना. दोन्ही बाजू नाराज होतील असे हे बोलणे, आणि वक्ता राष्ट्राध्यक्षपदाच्या उंबरठ्यावरचा. १५ जून २००८ रोजी, म्हणजे प्रचाराच्या ऐन भरात, त्यांनी शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये उभे राहून मुलांना टाकून गेलेल्या बापांविषयी खडे बोल सुनावले. ते हक्काचे मतदार होते. त्यावरून जेसी जॅक्सन यांच्यासारखा ज्येष्ठ नेता त्यांच्यावर इतका संतापला, की मायक्रोफोन चालू आहे याचेही त्यांना भान राहिले नाही.

पण हेच ओबामा दोन महिन्यांनी, १६ ऑगस्ट २००८ रोजी, कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये पाद्री रिक वॉरन यांच्यासमोर बसले, तेव्हा विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचे मीलन, असे सांगून त्यांनी टाळ्या घेतल्या. मे २०१२ मध्ये त्यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला, आणि २००८ ची ती भूमिका मुळात मतांचा हिशेब करून घेतलेली होती, असे त्यांचेच सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी २०१५ मध्ये लिहून टाकले. तरुण गोऱ्या इव्हँजेलिकलांमध्ये ओबामांना २००४ च्या डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या साधारण दुप्पट पाठिंबा मिळाल्याचे मतदानोत्तर पाहणीत दिसले होते, तरी त्यांतली बहुसंख्य मते त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्याकडेच राहिली. या एकाच माणसात दोन्ही नमुने सापडतात. शिकागोत त्याने समोरच्याला नागरिक मानले, सॅडलबॅकला गिऱ्हाईक. आणि जी बाब गिऱ्हाईक समजून गुळमुळीत सांगितली गेली, तिच्यावरूनच पुढे फसवणुकीचा आरोप झाला. श्रद्धाळू मतदाराकडे जाणाऱ्या उमेदवाराला यापेक्षा वेगळी कसोटी लावण्याची गरज मला वाटत नाही: त्या जागी उभे राहून तेथील लोकांना न रुचणारी एक तरी गोष्ट तो बोलला का?

आपल्याकडचे ‘दादा’ या कसोटीला कसे उतरतात? हंडीचेच पाहू. थर किती उंच लावावेत आणि लहान मुलांना वर चढवावे का, हा प्रश्न वर्षानुवर्षे हाडे मोडून घेणाऱ्या पोरांच्या जिवाचा होता. तो कोणी मांडला? २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा निर्णय पुन्हा सरकारवर सोडून वयाची अट चौदा केली. या तीन वर्षांत मैदानावर उभे राहून, पोरांनो, नववा थर नको, असे म्हणणारा आयोजक नेता आठवून पाहा. उलट कायदेभंगाची भाषा करून टाळ्या घेणारे आठवतील. जे न्यायालयाने सांगितले ते खरे तर त्या पोरांना ‘माझी पोरे’ म्हणणाऱ्याने सांगायला हवे होते.

मग २०२२ आले. दहीहंडीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, विधानसभेत घोषणा झाली, की हंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला जाईल, गोविंदांना सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ मिळेल, थर कोसळून मृत्यू आल्यास दहा लाख रुपये. विम्याचे, उपचाराचे मी स्वागतच करतो. पण नोकरीच्या आश्वासनावर पहिला प्रश्न उठला तो स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांकडून, आणि तो मार्मिक होता: आम्ही खोली भाड्याने घेऊन वर्षानुवर्षे अभ्यास करायचा, आणि तुम्ही एका सणाच्या आदल्या दिवशी जागा वाटायच्या? या दोन जमावांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा प्रश्न मुळात फसवा आहे, कारण हा एकच जमाव आहे. जोगेश्वरीतल्या पथकात खालच्या थराला खांदा देणारा आणि पुण्यात अभ्यासिकेत बसणारा यांत वर्गाचे, वयाचे, काळजीचे अंतर फारसे नाही. कित्येकदा ते भाऊ असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या म्हणून हजारो मुले पुण्यात रस्त्यावर बसली आणि लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली. त्यानंतर आठवडाभराच्या आत दहीहंडी आली. मुंबई-ठाण्याच्या मंचांवर नेते होते, तारे-तारका होत्या, लाखांची बक्षिसे होती, समोर हजारो तरुण होते. रखडलेल्या भरतीचा विषय काढायला याहून मोठी सभा कोणाला मिळाली असती?

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मंडळे केवळ नाचत नाहीत. ती रक्तदान घेतात, रुग्णवाहिका चालवतात, पूर आला की सर्वांत आधी पोहोचतात, आणि या कामाला पैसा लागतो जो वर्गणीतून येत नाही. जो माणूस वर्षभर दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, शाळेच्या प्रवेशाला धावून येतो, त्याची कमान लावली तर बिघडले कुठे? यात तथ्य आहे. सणांवर लेख लिहिणारे बहुतेक लोक रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी मिळवायला कोणाच्या कामी आलेले नसतात (प्रस्तुत लेखकही त्यांतलाच). हिंदू सणांच्या वेळीच धर्मनिरपेक्षतेची आठवण येते, ही तक्रारही अगदी निराधार नाही. इफ्तारच्या पंगतीत टोपी घालून बसणारा नेता आणि आरतीचे तबक धरणारा नेता यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. दोघेही तरुणाशी बोलण्याऐवजी त्याच्या वडीलधाऱ्यांबरोबर छायाचित्र काढून निघून जातात. मोहल्ल्यातल्या मुलाला बेकरीत बारा तास का राबावे लागते, हे इफ्तारला निघत नाही. वस्तीतल्या मुलाला अप्रेंटिसशिप संपल्यावर घरी का बसावे लागते, हे आरतीला निघत नाही.

पण ‘बिघडले कुठे’ याचे उत्तर द्यायला हवे. बिघडते ते मंडळाच्या आत. वर्गणीने चालणाऱ्या मंडळात दोनशे घरांना हिशेब विचारण्याचा हक्क असतो आणि पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या पोराला दाराआडून चार शब्द ऐकून घ्यावे लागतात: मागच्या वर्षी आवाज फार होता, निर्माल्य नाल्यात का टाकले, मुलींना कार्यकारिणीत का घेत नाही. हे चार शब्द म्हणजेच लोकशाही शिक्षण. एका दादाच्या धनादेशावर चालणाऱ्या मंडळाला जिने चढावे लागत नाहीत. मग त्याला कोणी विचारत नाही आणि तेही कोणाला विचारत नाही. ढोल-ताशा पथकांत आज मुली पहिल्या रांगेत वाजवतात, महिलांची गोविंदा पथके आहेत, आणि तरीही उमेदवाराच्या डोक्यात तरुण मतदार म्हणजे टी-शर्टवाला मुलगाच असतो. मुलीच्या वाट्याला फार तर होम मिनिस्टरचा खेळ आणि पैठणी. दादाला दोन मंडळांत भांडण झालेलेही परवडते, कारण कमानी दोन होतात.

तरुण ऐकत नाहीत, अप्रिय बोललो तर उधळतील, अशी भीती उमेदवार खासगीत बोलून दाखवतात. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि तो तसा निघाला. वर्षभर वाट पाहिलेला दिवस सोडायला त्या मुलांना त्यांच्याच माणसांनी सांगितले आणि त्यांनी ते मानले. कारण सांगितले, शेजाऱ्याची अडचण दाखवली, की श्रद्धाळू तरुण आपल्या हौसेला मुरड घालतो. ज्याने कधी काही मागितलेच नाही, त्याने ऐकत नाहीत म्हणून तक्रार करू नये.

त्यामुळे मला व्यवहाराच्या दोन गोष्टी सुचतात. पहिली कायद्याची: १९७५ पूर्वीची व्याख्या काही फेरबदलांसह परत आणावी आणि जो स्वतःला जाहीरपणे ‘भावी’ म्हणवतो त्याचा खर्च त्या फ्लेक्सच्या तारखेपासून मोजावा. ही दुरुस्ती ज्यांनी करायची त्यांचेच फ्लेक्स लागलेले असल्याने तिची घाई कोणाला नाही, हे मी जाणतो. दुसरी गोष्ट मंडळांच्या हातातली आहे. निवडणुकीच्या वर्षी कोणाचीच कमान घेऊ नये आणि उत्सवातल्या एका संध्याकाळी सगळ्या इच्छुकांना एकाच वेळी मांडवात बोलवावे. भाषण नाही, शाल-नारळ नाही, प्रश्न फक्त पस्तिशीच्या आतल्यांनी विचारायचे. निवडणूक जाहीर झाल्यावर हे चालणार नाही, कारण आचारसंहितेत प्रार्थनास्थळांचा प्रचारासाठी वापर वर्ज्य आहे आणि ते योग्यच आहे. पण इच्छुकांचा ओघ मुळात सुरू होतो तो त्याच्या कितीतरी आधी. व्याख्यानमाला हा गणेशोत्सवाचा जुना भाग असल्याने यात परंपरा मोडण्यासारखेही काही नाही.

कमानीविना पैसे कमी पडतील हे उघड आहे. मूर्ती दोन-चार फुटांनी लहान करावी लागेल, रोषणाईला कात्री लागेल, आणि पलीकडच्या गल्लीचे मंडळ दादांच्या पैशांवर दिमाखात उभे असताना हे पोरांना पटवणे सोपे जाणार नाही. त्याहून अवघड बाब खुर्च्यांची आहे. सगळ्या इच्छुकांना बोलवायचे म्हणजे प्रभागातल्या मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती इच्छुकालाही त्या मांडवात खुर्ची ठेवावी लागेल आणि त्यालाही तेच प्रश्न विचारावे लागतील. मंडळात खरे भांडण पेटेल ते याच मुद्द्यावर, म्हणून तो आषाढातल्या बैठकीत, मूर्तिकाराला पैसे देण्याच्या आधी निघालेला बरा.